लाल गाडी पहिली नव्हती

रविवार, संध्याकाळ

आज वडिलांसोबत, म्हणजे तात्यांसोबत, लोणी देवकरला स्पोर्ट्स कारचा कारखाना आणि तिथलं नवं संग्रहालय पाहिलं. तात्यांची वेल्डरची नोकरी इथलीच.

लाल गाडी दाखवत गाइड म्हणाली, "ही आमची पहिली गाडी."

तात्या वाकून दाराखालचा जोड बघत राहिले. खोटं ऐकल्यावर त्यांचा चेहरा जसा होतो, तसा झाला. का?

परतताना विचारलं, "तो जोड तुमचाच ना?"

"माझाच हाय. पण पहिली गाडी ही न्हाय. पहिली चाचणीतच जळाली. आत म्हादू हुता."

म्हादूकाका, त्यांचे जोडीदार. मला खाऊ आणायचे. मी सहावीत असताना अचानक यायचे थांबले. दुबईला गेलेत म्हणे.

कंपनीनं लपवलं, ते समजू शकते. पण दुबईचं मला तात्यांनीच सांगितलं होतं.