खांबाखाली कोण

आउग्सबुर्ग, १७२४

लाडक्या वाल्बुर्गेस,

देव तुला सांभाळो. माझा खोकला थांबलाय, काळजी नको. गाय व्याली का?

आईला पाखंडी ठरवून दफनभूमीत जागा नाकारणाऱ्या पाद्रीबुवांनी आपल्या चर्चचं चित्र आमच्याच छापखान्यात करायला दिलं. अशा चित्रात खांबाखाली चिरडलेला पाखंडी दाखवायचा रिवाज आहे. छपाईच्या तांब्याच्या पत्र्यावर कोरताना मी त्याला बुवांचं थोबाड दिलं, गालावरच्या चामखिळीसकट. त्याच्या मानेवर पाय देऊन उभ्या असलेल्या श्रद्धामातेला, म्हणजे बाईच्या रूपातल्या श्रद्धेला, आईचा चेहरा दिला.

बुवा चित्रातल्या घुमटावरचं स्वतःचं नावच वाचत बसले, खांबाखाली पाहिलंच नाही. "झकास," म्हणाले, "घरोघरी लावा."

चित्र आलं की त्यांना जेवायला बोलाव. हसू मात्र नकोस. चित्रातल्या आईपुढची पहिली मेणबत्ती त्यांच्याच हातून लावून घे.

तुझा भाऊ,
काश्पर