कौलासाठी पाच दिवस रजा

१९ जानेवारी १९५८, रविवार. पिंपरी

पौष संपला. म्हणजे आईची सबब संपली. महिनाभर एकच पालुपद, "पौषात लग्नाचा विषय काढू नये." सकाळी चहाला बसल्याबसल्या मीच काढला. कुरुळीच्या ज्ञानोबाशी मला लग्न करायचंय, तो कारखान्यात बॉयलरवर, मी पॅकिंगला, दोन वर्षांची ओळख, त्याचे वडील बोलणी करायला यायला तयार. हे सगळं तिला आता पाठ झालंय. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणते, "आत्याला विचारल्याशिवाय मी काही बोलणार नाही."

आत्या म्हणजे बाबांची आत्या. ऐंशीच्या घरात. मुरुडच्या अलीकडे आमचं गाव, तिथे एकटीच राहते. बाबांना जाऊन चार वर्षं झाली, तेवढ्यात आईने तिला दोन पत्रं टाकली असतील नसतील. आणि आता एकदम आत्या!

"मग टाक पत्र."

"अशा गोष्टी पत्रातून विचारतात होय?"

म्हणजे जायचं. मीच न्यायचं.

२१ जाने., मंगळवार

रजा मिळाली. पाच दिवस. ३० तारखेला सकाळी हजर म्हणजे हजर.

दुपारी ज्ञा.ला सांगितलं. तो म्हणे, "जाऊन ये की. म्हातारं मानूस हाय, पाया पडून ये." वर हसतोय. त्याचं काय जातंय हसायला.

आईचं आज नवीन निघालं. त्याच्या घरी सगळे माळकरी, मासळी उंबऱ्याच्या आत येत नाही. "बांगड्याशिवाय राहशील तू?" म्हटलं, राहीन. "आणि मी आले म्हणजे?" म्हटलं, "तू कुठे येणारेस? लेकीच्या घरचं पाणीसुद्धा घ्यायचं नाही म्हणतेस ना तू?"

उठून चुलीकडे गेली. मला वाटलं, जिंकले.

२४ जाने., शुक्रवार. गावी

पोचलो. कसे ते माझं मला माहीत.

चिंचवडला एस्टीत चढलो तेव्हा आईला खिडकी हवी. खिडकी मिळाली तर कानात वारा. खंडाळ्याच्या घाटात लिंबू हुंगत डोळे मिटून बसली, मला जरा शांतता. खोपोलीला उलटी थांबली आणि तोंड सुरू झालं. शेजारी पेणच्या कोणी बाई होत्या. पेण येईपर्यंत त्यांना माझं वय, माझा पगार, ज्ञा.चं गाव, त्याच्या गळ्यातली माळ, सगळं कळलं. "घाटावरचे लोक वाईट नसतात हो," असं त्या उतरताना मलाच समजावून गेल्या. मी काय म्हणत होते मग?

रेवदंड्याला खाडी. तरीत पाय टाकणार तोच मागे कोणीतरी शिंकलं. झालं! आई खाली. "ही होडी नको." माणसं खोळंबली, तांडेल ओरडायला लागला, ही आपली वाळूत बोचकं घेऊन उभी. होडी गेली. दुसरी तासाभराने. आणि पलीकडची एस्टी अर्थातच निघून गेलेली. बैलगाडी मिळाली म्हणून बरं.

गाडीत मी तिच्याशी बोलले नाही. उजव्या हाताला सारखा समुद्र. ती एका ठिकाणी सुरूंच्या झाडांकडे बोट करून म्हणाली, "लग्न होऊन आले तेव्हा इथे थांबलो होतो. यांनी शहाळं फोडून दिलं होतं." राग थोडा उतरला. सगळा नाही.

२५ जाने., शनिवार

आत्या वाळून काटकी झालीय. एका कानाने ऐकू येत नाही, नेमका कुठला ते ती दिवसागणिक बदलते असं मला वाटतं.

आईने तासभर खपून सगळं सांगितलं. मी घासलेलीच भांडी पुन्हा घासत ऐकत होते. आत्या शेवटी म्हणाली, "माना काय विचारतेस गो? मी काय लगीन लावनार हाय? देवीला विचार."

एवढा घाट, एवढी खाडी, आणि उत्तर हे! मी हसायलाच लागले. आईला हसू आलं नाही. तिला पटलंच ते. "उद्या कौल लावू," म्हणाली. मला तर वाटतं हेच मनात धरून ती निघाली होती.

२६ जाने., रविवार

गावदेवीच्या देवळात सकाळपासून. गुरवाने देवीच्या अंगावर दोन पाकळ्या चिकटवल्या, उजवीकडे एक, डावीकडे एक. उजवी पडली तर होय, डावी पडली तर नाही. आईने गाऱ्हाणं घातलं, माझं नाव, त्याचं नाव, गाव. आणि बसलो.

बसलो.

बसलोच.

दुपार झाली तरी एकसुद्धा पाकळी हलेना. रोज हजारो बाटल्यांवर लेबलं लावते मी, इतकं पक्कं एकही लेबल बसत नसेल. गुरवाला म्हटलं, "काका, जरा कमी ओलं करा ना." आईने असा चिमटा काढला की अजून वळ आहे. गुरव म्हणाला, "देवी इचार करताय. उद्या या."

माझी रजा मोजकी आहे हे देवीला कोण सांगणार?

२७ जाने., सोमवार

उजवा कौल पडला! पाकळ्या लावून गुरवाने हात काढला न काढला तोच.

मी आईकडे पाहिलं. आई पाकळीकडे. मग म्हणते, "वारा होता."

कसला वारा! देवळाला खिडकी नाही. पण नाही, दार लावून घ्यायला लावलं, पुन्हा पाकळ्या. पुन्हा उजवा. आता गुरवच वैतागला. "वयनी, आता तिसऱ्यांदा विचारलंत तर ती माझ्यावर रागवंल."

येताना वाटेत मी बोलले. जे बोलायला नको तेही बोलले. तुला देवीकडून नाहीच ऐकायचं होतं, मी जन्मभर लेबलं लावत तुझ्याजवळ बसावं असंच तुला वाटतं, वगैरे. ती पदराने नाक पुसत पुढे चालत राहिली. मला वाईट वाटलं, पण माघार घेतली नाही. खरंच होतं ते.

२८ जाने., मंगळवार

सकाळी आई नि आत्या दोघी पुन्हा देवळात गेल्या. मला मज्जाव. "तू कोंबड्यांकडे बघ." कोंबड्यांकडे काय बघायचं असतं?

आल्या. विचारलं तर म्हणे, "नारळ द्यायचा राहिला होता." ठीक.

दुपारी आईने सुरमई तळली. माझ्या पानात दोन तुकड्या जास्त. मग अगदी सहज, ताक वाढावं तसं म्हणाली, "मी राहते इथे. आत्याला कोणी नाही."

"किती दिवस?"

"बघू."

"लग्नाला?"

"वेडी आहेस का? लग्नाला येईन की."

"आणि नंतर?"

"नंतर तुझं घर असेल ना गं."

मी पानावरून उठले. सबंध दुपार भांडले. पिंपरीची खोली आहे, ज्ञा. तसा नाही, रोज येऊन जाईन, पाणी पिऊ नकोस हवं तर, नुसती राहा. एकेका गोष्टीवर ती फक्त "हो गं" म्हणायची. हिच्याशी भांडायची सुद्धा सोय नाही.

आत्या मध्येच ओरडली, "तिला सांग, राहायचं तर मीठ कमी घाल. काल आमटी तोंडात घेववेना."

२९ जाने., बुधवार

पहाटेची एस्टी. तिघी रस्त्यावर उभ्या. आई सुक्या बोंबलांचं पुडकं विसरली म्हणून परत घरात गेली. तेवढ्यात आत्या माझा दंड धरून म्हणाली, "काल तिने सोताचं विचारलान."

"काय?"

"हितं राहू का, म्हनून."

"मग?"

"डावा पडला."

मला आधी कळलंच नाही.

"मी म्हटलं, परत लाव. तर नको म्हनाली. कोनाला सांगू नका म्हनाली. इतकी वर्सं बगताय मी तिला, शिंक आली तर पाऊल टाकीत नाय. देवीचं ऐकलं नाय ते काल पयल्यांदा."

आई धावत आली. पुडकं माझ्या पिशवीत कोंबलं, "डब्यात घालून ठेव, माळकऱ्याला वास यायला नको." गाडी आली.  तिच्या पाया पडायचंसुद्धा राहिलं.

खाडीत, घाटात, कुठेच डोळे कोरडे राहिले नाहीत. पेणला एक बाई विचारत होत्या, लागतंय का गाडी. हो म्हटलं.

३० जाने., गुरुवार

हजर. संध्याकाळी खोलीत आले, दोघींचा भात लावला.

२ फेब्रु., रविवार

ज्ञा. आला होता. मी परतल्यापासून त्याची रात्रपाळी, आज पहिल्यांदाच भेटला. दारातच उभा राहतो, आई नसताना आत येत नाही. "आई कुटं?"

"राहिलीय थोडे दिवस. आत्याची तब्येत."

"बरं. देवी काय म्हनली?"

उजवा, उजवा, दोनदा उजवा. तोंडावर आलं होतं. सोमवारी हेच कधी एकदा त्याला सांगते असं झालं होतं मला.

म्हटलं, "कौल लागला नाही अजून."

"लागला न्हाई? किती दिस लागत्यात?"

"सांगता येत नाही."

"बा म्होरल्या आयतवारी यायचं म्हनतोय. त्याला काय सांगू?"

"थांबा म्हणावं."

 मग "बरं" म्हणाला आणि सायकल घेऊन गेला. रागावला नाही. रागावला असता तर बरं झालं असतं.

दोन वर्षांत त्याच्याशी पहिल्यांदा खोटं बोलले, तेही देवीच्या नावावर. तुझ्यामुळे, आई. तुला डावा पडला होता ना? मग ऐक की देवीचं. ये परत.