एका तपकिरी देशाची राखण

आगाशी,
नोव्हेंबर १९८७

प्रिय युजीन,

जेम्सच्या हातून पाठवलेलं खोकं पोचलं. तू दोन गोष्टी कळवायला सांगितल्यास: खेळ कसे वाटले, आणि बहरीनच्या नोकरीचा करार आणखी पाच वर्षं वाढवण्याबद्दल तुझे बाबा काय म्हणतात. दुसरं अवघड आहे, म्हणून आधी खेळ.

टीव्हीला जोडायचं ते कॉम्प्युटर नावाचं यंत्र सुरुवातीला मला मुळीच आवडलं नाही. कॅसेट लावली की गळा आवळलेल्या कोंबड्यासारखं किंचाळत बसतं, आणि खेळ पडद्यावर येईतो वीज जाते. पण एकदा आला की, बाबा रे, काय डोकं चालवलंय! आपला वीर आपणच घडवायचा, ताकद किती, बुद्धी किती, ते ठरवून. मी सगळी बुद्धी दिली. पहिल्याच दारात त्याला उंदरानं मारलं. मराठी लेखकाचं इतकं खरं चरित्र मी आजवर वाचलेलं नाही. वर यंत्र नम्रपणे विचारतं, पुन्हा जन्म घ्यायचाय का? आमच्याकडे त्यासाठी चौऱ्याऐंशी लक्ष योनी फिराव्या लागतात. इथं एक बटण.

तुझ्या बाबांना, सॅन्टनकाकांना, बोळिंजहून मुद्दाम बोलावलं. रेजिनाकाकी गेल्यापासून ते वाडीतून फारसे हलत नाहीत. केळी शिंपायची आणि ओटीवर बसायचं. तू खेळ धाडलेस ते त्यांच्यासाठीच, त्यामुळे आलेच. पडद्यावरचं इंग्रजी मी मराठीत सांगत होतो: हा तरुण सोनं शोधायला गाव सोडून निघालाय. काका म्हणाले, ‘‘का? घरात काय कमी पडलं होतं त्याला?’’ मी वीज गेल्यासारखं करून टीव्ही बंद केला.

मग खोक्यातला दुसरा खेळ, युद्धाचा पट, काढला. नियमांचं पुस्तक हाऊसिंग सोसायटीच्या उपविधींइतकं रुक्ष, आणि एक डाव संपेतो दोनदा चहा होतो. पण जगाचा नकाशा इतका देखणा छापलाय, की पुस्तकाला सगळं माफ. एकटा शिपाई फाशाच्या जोरावर अख्खी पलटण परतवतो तेव्हा मी खुर्चीतून उठून टाळ्या वाजवतो. आमची बायको मालन बाजारात भाव पाडते त्याच थाटात युरोप घेते. ‘‘तुम्ही लिहा हो, मी जिंकते,’’ हे तिचं रोजचं वाक्य.

काकांनी पहिल्याच दिवशी विचारलं, ‘‘यात बहरीन कुठंय?’’ एवढंसं बेट त्यात कुठून असणार! मी अरबस्तानाच्या तपकिरी तुकड्यावर बोट ठेवलं. तेव्हापासून मिळेल तो शिपाई ते तिथं नेऊन उभा करतात. बाकी जग जातं, हिंदुस्थान जातो, ते डोळा वर करत नाहीत. मी म्हटलं, ‘‘काका, ही चारी बाजूंनी मार खायची जागा. सोडा, आणि इकडे हल्ला करा.’’ म्हणाले, ‘‘हल्ला नाय रे. राखण.’’ दर रविवारी ते हरतात आणि दर रविवारी येतात. काल मालननं शेवटी त्या तुकड्याला हात घातला, तर त्यांनी फासा टाकलाच नाही. मुठीत धरून बसले. मालननं आपले शिपाई मुकाट्यानं मागे घेतले. तिला मी इतक्या वर्षांत माघार घेताना प्रथमच पाहिलं.

आता तुझा दुसरा प्रश्न. कराराबद्दल मी त्यांना वेगवेगळ्या वाटांनी विचारून पाहिलं. उत्तर एकच, ‘‘त्याची मर्जी.’’ ते तसंच तुला कळवलं असतं, तर तू सही करून मोकळा झाला असतास, आणि मीही खोटा ठरलो नसतो. म्हणून हे पत्र लांबवलं. त्यांनी सांगितलेलं तुला कळवलं. मी पाहिलेलंही कळवलं. तुझी नोकरी चांगली आहे, उर्सुलावहिनीला तिथं बरं वाटतं, हे मला मान्य. तरी सही करू नकोस, युजीन. घरी ये. आणि येण्याचं कारण मात्र त्यांना दुसरं काहीतरी सांग.

तुझाच,
तुळशीदास