दिव्याच्या सिनेमाचे रंग

३ फेब्रुवारी
ठरलं. आठवडाभर रजा टाकली. चाकणच्या कंपनीत, पेंट शॉपला, गाड्यांच्या दारांची शेड नुसत्या डोळ्यांनी तपासणारा माणूस सिनेमापासून किती दिवस लांब राहणार? आमच्या काळेवाडीच्या गल्लीतली दिव्या पहिला सिनेमा करतेय. तिला म्हटलं, शूटिंग चालू असतानाच रंग द्यायचे. लाइव्ह ग्रेडिंग! कॅमेऱ्यातून चित्र राखेसारखं फिकं येतं. ते वायरीने माझ्या लॅपटॉपवर. मी रंग भरणार. तिथून दिव्याच्या मॉनिटरवर. म्हणजे डायरेक्टर बघणार ते मी दाखवीन तेच. दिव्या म्हणाली, बघू काका. यालाच होकार म्हणतात.

५ फेब्रुवारी, सकाळ
भोसरीतलं बंद पडलेलं वर्कशॉप. कोपऱ्यात काळ्या कापडाचा तंबू ठोकला, वायरी जोडल्या. कॅमेरामन सनी विचारतो, मॉनिटर कॅलिब्रेट केलाय का, रंग खरे दाखवतो का? म्हटलं, मॉनिटरचं सोड, माझा डोळा कॅलिब्रेटेड आहे. मान डोलवत कॅमेऱ्याकडे गेला. छाप पडते ती अशी.

संध्याकाळ
आजारी आईच्या उशाशी बसायचा सीन. मॉनिटरवर हिरॉइन अनिता हळद लागल्यासारखी पिवळी. मेकअपवाल्या विजयश्रीबाईंना सरळ सांगितलं, चूक तुमची. त्यांनी तिचा चेहरा धुऊन पुन्हा मेकअप केला. आता हिरवी. पुन्हा धुतला. शेवटी अनिताच्या गालांवर पुरळ आलं आणि खिडकीतलं ऊन गेलं. सीन राहिला. विजयश्रीबाई रडल्या. या लाइनीत माणसाने इतकं हळवं असू नये.

६ फेब्रुवारी
चमत्कार. एकही तक्रार नाही. दिव्या दर शॉटला मॉनिटर बघते आणि म्हणते, मस्त. मुद्दाम निळा वाढवला. मस्त. जांभळा करून पाहिला. मस्त! पोरीची नजर एका दिवसात तयार झाली. कोणी केली, ते लिहायला नको.

७ फेब्रुवारी
राजीनामा दिला. व्हॉट्सॲपवर. सुपरवायझर दौलतरावांचा लगेच अंगठा आला. शब्द सुचले नसणार बिचाऱ्यांना. मग तनुजाला सांगितलं. ती म्हणाली, बायकोला आधी विचारायचं तरी. म्हटलं, मोठ्या निर्णयांचा घरच्यांना त्रास कशाला? तेव्हापासून बोलत नाही. म्हणजे पटलंय.

८ फेब्रुवारी
ऐन शॉटमध्ये लॅपटॉप बंद पडला. तंबूतून ओरडतच बाहेर आलो, थांबा, चित्र गेलं!

चित्र कुठेही गेलं नव्हतं. दिव्याच्या मॉनिटरवर होतं. छान होतं. अनिता माणसासारखी दिसत होती.

तिच्या टेबलामागे वाकून पाहिलं. माझ्या लॅपटॉपकडून आलेली वायर मॉनिटरला जोडलेलीच नाही. टोकाला धूळ लागू नये म्हणून प्लास्टिकची पिशवी, तिला रबरबँड.

सनी म्हणाला, काका, परवा सकाळीच काढली, कॅमेऱ्यातलेच तयार रंग थेट मॉनिटरला दिले. दिव्या म्हणाली, तुम्हाला वाईट वाटेल म्हणून बोलले नाही. अनिता गालाला मलम लावत होती, तिने वर पाहिलंच नाही. मी म्हटलं, मला माहीत होतं. कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

९ फेब्रुवारी
दौलतरावांना फोन केला. म्हटलं, राजीनामा जरा घाईत गेला, माझ्या जागी कोणाला घेतलं असेल तर प्रामाणिकपणे सांगा. ते म्हणाले, नाही राव, कोणालाच नाही घेतलं. तुम्ही रजेवर गेल्यापासून चांगली दारं उगाच रिजेक्ट होत नाहीत, लाइन कशी सुरळीत चाललीये. साहेबांनी ती जागाच काढून टाकली.

म्हटलं, ठीक आहे, मी विचार करून कळवतो.