आईची उजवी गोगलगाय

ती. ताईस,

वाकून नमस्कार. तुझी कंबर आणि भावजींची साखर, दोन्ही आटोक्यात आहेत असं धरून चालतो. आम्ही बरे आहोत. आईसुद्धा. हे ‘सुद्धा’ का, तेच सांगायला पत्र लिहितोय (फोन ती स्पीकरवर ऐकते).

बाबा गेल्यापासून आईने देवघराकडे पाहिलं नव्हतं, हे तुला माहीतच आहे. दुपारपर्यंत भिंतीकडे तोंड करून पडून असायची. तिला करमावं म्हणून इथल्या मुनिरक्याच्या नर्सरीतून कमळाची कुंडी आणली. तिच्यात एक गोगलगाय निघाली, हरभऱ्याच्या डाळीएवढी. मी टाकायला निघालो तर आईने ती मागून घेतली, चष्मा पुसला आणि टोक खाली धरून पाहत म्हणाली, “अरे, हिचं तोंड उजवीकडे आहे. उजवा शंख आहे हा, आणि जिवंत.”

उजवा शंख लाखात एखादा, म्हणजे साक्षात लक्ष्मी. त्यामुळे ती पाण्याच्या वाटीत, वाटी देवघरात, आई पहाटे आंघोळ करून तिच्यापुढे, आणि घरातला कांदा-लसूण बंद. कॉलनीतल्या कुसुमावतीकाकू दर्शनाला आल्या आणि सुस्कारा टाकून म्हणाल्या, “आम्हाला मेल्याने नुसतीच कुंडी दिली.” आमची स्वानंदी म्हणाली, “आजी, ही पॉटी करते यार.” आई म्हणाली, “तू नव्हतीस करत?” बाबांनंतर ती पहिल्यांदा हसली, ताई.

मग मला अवदसा आठवली आणि मी पुस्तक उघडलं. या जातीची प्रत्येक गोगलगाय अशीच असते. नर्सरीच्या हौदात लक्ष्म्याच लक्ष्म्या. सांगावं तर आईचं उठणं जाईल; न सांगावं तर मी देवासमोर रोज खोटा. सध्या नमस्कार करताना मनात ‘गोगलगायीला’ असं म्हणतो. हे चालतं का? त्यात हिने एकटीनेच अंडी घातली (यांना जोडीदार लागतोच असं नाही). आता वाटीत गर्दी आहे, आणि एक पिल्लू काल बाळकृष्णाच्या मुकुटावर सापडलं.

मुलांना आशीर्वाद.

तुझा,
जयदीप

ता. क. दिवाळीला येशील तेव्हा आईपुढे तुझं जीवशास्त्र काढू नकोस. एवढ्यासाठीच हे सगळं लिहिलं.

ता. क. २. खाली आईच्या दोन ओळींसाठी जागा सोडून पान दुमडून देतोय. दुमडलेलं ती उलगडत नाही. माझ्यासारखी नाही ती.

चि. चंद्रप्रभास अनेक आशीर्वाद. वाटीतल्या सगळ्यांचीच तोंडं उजवीकडे आहेत, तेव्हा लक्ष्मी वगैरे काही नसावं. पण पाणी बदलायला उठावं लागतं, ते बरं आहे. जयदीपला मात्र हे सांगू नकोस. त्याची फार श्रद्धा बसली आहे, डोळे मिटून काहीतरी पुटपुटतो रोज. — आई