मानसशास्त्राला एक विद्यार्थिनी कमी

गोंदिया, १२ जून २००९

आदरणीय यादोराव मामाजींना रचनाचा सप्रेम जयभीम.

झाले ते असे:
१. आमची धाकटी साक्षी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला मानसशास्त्रात कॉलेजात पहिली आली.
२. तिसऱ्या वर्षाला आठ नावे आली नाहीत तर हा विषय बंद, अशी सूचना कॉलेजने लावली.
३. नावे सात आहेत.
४. तुमच्या बैलाचा यात संबंध आहे. तो पुढे येईल.

तुमचा गुडघा कसा आहे? मामींचा खोकला? धानाची बांधी नांगरून झाली असेल. फोनच केला असता, पण फोनवर तुम्ही माझे वाक्य पूर्ण होऊ देत नाही.

मी विद्युत पदविकेची, म्हणून साक्षीच्या पदवीचा आराखडा मीच काढला होता. अनिवार्य भाषा, ऐच्छिक विषय, प्रात्यक्षिके, पंचाहत्तर टक्के हजेरी, सगळे चौकटींत. भिंतीवर लावला तर आईने ते लोडशेडिंगचे वेळापत्रक समजून शेजारणीला सांगितले. (तिने त्याप्रमाणे दळण नेले आणि वीज होती. याचे श्रेय मी घेत नाही.) आराखड्यात एक गोष्ट राहिली. मानसशास्त्राच्या प्रयोगाला माणूस लागतो, आणि तो विद्यार्थ्यानेच आणायचा असतो. घरातली माणसे संपल्यावर, दिवाळीत तुमच्या बिरसीला मंडईची जत्रा पाहायला आलो तेव्हा तुम्हाला ओसरीवर बसवले. प्रयोग विस्मरणाचा: निरर्थक शब्द पाठ करायचे आणि काही वेळाने किती उरले ते पाहायचे.

"पोरी, ज्याले अर्थच नाही ते मी कायले पाठ करू? हेच शिकवून राहिले काय कॉलेजात?" असे म्हणत तुम्ही सगळे पाठ केलेत आणि एकही विसरला नाहीत. साक्षीच्या बाईंनी "हे गृहस्थ कोण?" असे वर्गात विचारले. आज तुमच्या नव्या बैलाचे नाव त्याच शब्दांतले 'फुझ' आहे, म्हणजे तो प्रयोग अजून संपलेला नाही.

मुद्दा वेगळा आहे. त्या दिवशी घड्याळ तुमच्या सूनबाई, चेतना वहिनींच्या हाती होते. साक्षी शब्द भराभर दाखवू लागली तेव्हा वहिनी हळूच म्हणाल्या, "मधे थांबत जा. नाही तर निकाल धरत नाहीत." तेव्हा कळले की वहिनी लग्नाआधी हाच विषय घेऊन दुसरे वर्ष पास झाल्या आहेत.

तुम्ही म्हणालात, "आमाले तर कोणी सांगतलंच नाही."

मामी आतून म्हणाल्या, "तुमी इचारलं काय?"

विषय बंद पडला तर साक्षीने नागपूरला जायचे (बाबा नाही म्हणाले), किंवा विषय बदलून दुसरे वर्ष पुन्हा करायचे. पहिल्या आलेल्या मुलीने. आपल्या दोन्ही घरांत पहिली येणारी ती पहिलीच आहे. मी हे मिरवत नाही, नोंदवते आहे. (सूचनाफलकावरच्या तिच्या नावाचा फोटो सोबत जोडला आहे. दोन प्रती, एक मंडईत दाखवायला.)

आपली भाची,
रचना

ता. क. चेतना वहिनींना आठवी विद्यार्थिनी म्हणून प्रवेश घेऊ द्यावा. धानाच्या रोवणीचे सगळे दिवस वजा केले तरी त्यांची हजेरी पंचाहत्तरच्या वर राहते. हिशेब मी केला आहे.

ता. क. २. राजदीप दादा बायकोला पाठवायला तयार आहेत. अर्ज भरून वहिनींकडेच आहे, तुम्ही 'जा' म्हटल्याशिवाय त्या देत नाहीत. मी कारण विचारले. म्हणाल्या, "मला कोणी विचारलं नाही ते किती लागतं, मला माहीत आहे. म्हणून मी त्यांना विचारते."

ता. क. ३. तिसऱ्या वर्षालाही प्रयोगासाठी माणूस आणावा लागतो. वहिनींनी तुमचे नाव लावले आहे. साक्षीनेही. दोघी त्यावरून भांडत आहेत.

गुरुवार, १८ जूनपर्यंत उत्तर कळवावे.