कापलेला डॉक्टर

लॉस एंजेलिस,
४ मार्च १९४३

ती. ऑर्डेलियाताईस थॅडियसचा सा. न. वि. वि.

ताई, हे पत्र उभ्यानं वाचू नकोस, आधी बस. इतकी वर्षं या हॉलिवुडच्या चित्रपटांत मी नोकर होऊन ट्रे वाहिले, बूट पुसले, ‘होय साहेब’ म्हटलं आणि भुताला भिऊन डोळे गरगरा फिरवले. त्या डोळ्यांपायी आणि त्या ‘होय साहेब’पायी बाबांनी माझं नाव टाकलं. पण आता मला डॉक्टरचं काम मिळालंय. आपल्यातलाच, काळा डॉक्टर, सुटाबुटातला. मी खुर्चीत बसलेलो, गोरा बाप समोर उभा. मी त्याला म्हणतो, "बसा. तुमचा मुलगा जगेल. मी त्याला मरू देणार नाही." प्रसंग एकच आहे, पण त्यात कुणी हसायचं नाही.

घरमालकीण मिसेस पेटीग्रू आतापासूनच चिडवते, की डॉक्टरसाहेबांना आमची मक्याची भाकरी आता कशी चालायची.

चित्रपट तिकडे आला की बाबांना घेऊन जा. त्यांनी डोळे मिटण्याआधी एकदा मला आपला मुलगा म्हणावं, दुसरं काही मागणं नाही.

तुझ्या लोभावरच जगणारा,
थॅड


कॉटर्स बेंड, मिसिसिपी,
१७ ऑक्टोबर १९४३

चि. थॅडियस यास अनेक आशीर्वाद. वि. वि.

बाबांना घराबाहेर काढायला मला जेवढं बोलावं लागलं, तेवढं मी मताधिकाराच्या सभेतही कधी बोलले नव्हते. म्हणाले, पोरानं डोळे फिरवलेले एकदा पाहिले, पुन्हा कशाला? शेवटी रविवारचा कोट चढवून निघाले. थिएटरात आपल्या काळ्या लोकांसाठी ठेवलेला मागचा जिना थांबत थांबत चढले आणि माळ्यावर पहिल्या रांगेत बसले. चर्चमधल्या ओळखीच्यांना त्यांनी स्वतःच हळूच सांगितलं, की आज आमचा डॉक्टर आहे.

थॅड, तू त्यात नव्हतास. पोरगं आजारी पडलं आणि पुढच्याच क्षणी अंगणात खेळायला लागलं. मध्ये काही नव्हतं. दिवे लागले तरी बाबा उठेनात. त्यांना वाटलं, अजून बाकी आहे. उतरताना चर्चमधले लोक बाबांची नजर चुकवत होते, तेच जास्त बोचलं. गोऱ्यांनी कात्री लावली असणार, असं मी वाटभर सांगत होते. बाबा एवढंच म्हणाले, "आता खोटंही बोलायला लागला." त्या दिवसापासून त्यांनी अंथरूण धरलंय.

ज्या देशाला आपला माणूस खुर्चीत बसलेला सोसत नाही, तो देश जगाच्या स्वातंत्र्यासाठी आपलीच पोरं समुद्रापार धाडतोय. हे मी रविवारी चर्चमध्ये उभी राहून बोलले. लोकांनी माना डोलावल्या आणि घरी गेले. मीही गेले.

आहे ती माया राहू दे.
तुझी ऑर्डेलिया


लॉस एंजेलिस,
२५ ऑक्टोबर १९४३

ती. ताईस सा. न. वि. वि.

स्टुडिओत विचारलं. तिथल्या बाईनं फार गोड शब्दांत सांगितलं, की असे प्रसंग काढता येतील असेच रचतात. दक्षिणेत काढायचे, उत्तरेत ठेवायचे, कुणाची तक्रार नको. शिवतानाच उसवायची सोय. चित्रीकरणाच्या दिवशी नायिका त्या खोलीत आली नाही, पुढच्या प्रसंगांतही कुणी डॉक्टरचं नाव घेत नाही. मला वाटलं होतं, माझ्या मानासाठी खोली मोकळी ठेवलीय.

ताई, मी येतोय. तसाच सूट भाड्यानं घेतलाय. पडद्यावर नाही, तर बाबांच्या खाटेशी करून दाखवीन. लगेच परतावं लागेल, नवं काम सुरू होतंय. ट्रेचं आहे, चिडवू नकोस.

तुझा,
थॅड


आगगाडीतून,
५ नोव्हेंबर १९४३

ती. ताईस सा. न.

तू दार ओढून बाहेर बसलीस आणि मी तुझा निरोपही न घेता निघालो. रागावली असशील. आत काय झालं, ते समोर सांगता आलं नसतं.

बाबांना ताप होता. डोळे उघडे, पण ओळख नव्हती. मी खुर्ची ओढून बसलो, कोट सावरला आणि कॅमेऱ्यापुढचा तोच आवाज लावला. "बसा. तुमचा मुलगा जगेल. मी त्याला मरू देणार नाही." बाबा धडपडून उठायला लागले. डोक्यावर नसलेली टोपी काढायला त्यांचा हात वर गेला आणि ते म्हणाले, "होय साहेब."

ताई, हे त्यांनी मला म्हटलं. मी नाव सांगायला तोंड उघडलं. पण सांगितलं असतं, तर आपण कुणापुढे टोपी काढली हे त्यांना कळलं असतं. मी त्यांना निजवलं, पांघरूण घातलं आणि निघालो. गाडीत आपल्या लोकांच्या डब्यात फार गर्दी आहे. सूट चुरगळलाय.

मला दूर लोटू नकोस.
थॅड


कॉटर्स बेंड,
१४ नोव्हेंबर १९४३

चि. थॅड, आशीर्वाद.

बाबा बुधवारी सकाळी गेले. वेदना नव्हत्या.

त्याआधी दोन दिवस ताप उतरला होता, माणसं ओळखत होते. त्या डॉक्टरचंच बोलत राहिले. म्हणाले, साहेबांनी मुलगा जगेल म्हणून सांगितलं. कुणाच्या मुलाचं कुणाला सांगितलं कोण जाणे, पण साहेबांच्या तोंडावर चूक दाखवणं बरं नव्हे, असंही म्हणाले. मी त्यांचा हात धरून सांगितलं, की बाबा, तो आपला थॅड होता. पुन्हा सांगितलं, शपथ घातली. ते माझ्याकडे कनवाळूपणे बघून हसले आणि म्हणाले, "त्याच्या गळ्यात असा आवाज कुठला? आपला थॅड असा निघाला असता, तर मी गावभर सांगत फिरलो असतो."

मला लोक वक्त्री म्हणतात. घरातल्या एका माणसाला पटवून देता आलं नाही.

तुझ्या दुसऱ्या एका चित्रपटाची पाटी इथे लागलीय. त्यात तू हातात ट्रे घेऊन डोळे विस्फारलेत. तो इथे अख्खा दाखवतील. मी जाणार नाही, मनाला लावून घेऊ नकोस. जेवत जा. आता दोघंच उरलोय, तेवढी माया जप.

तुझी ताई,
ऑर्डेलिया